जिप्सम पार्टिशनला माल किती लागेल? हॉलमधून एक खोली काढताना करायचा हिशोब

मुंबईतल्या वन बीएचकेत मूल नववी-दहावीला आले की हॉलचा एक तुकडा अडवून अभ्यासाची खोली काढायचा विषय घरात निघतोच. विटेची भिंत जड होते, पाणी-सिमेंट वर चढवावे लागते आणि जादा वजनाला सोसायटीही सहसा तयार होत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी जिप्सम बोर्डचे (जिप्समच्या थराला दोन्ही बाजूंनी जाड कागद चिकटवलेले तक्ते) पार्टिशन उभे राहते. कॉन्ट्रॅक्टर चौरस फुटाचा दर सांगतो, घरचे लांबी गुणिले उंची करून रक्कम काढतात आणि कागद बाजूला ठेवतात. रक्कम काढायला हे ठीक आहे, माल मागवायला नाही. दर चौरस फुटाने ठरतो, पण माल तुकड्यांनी लागतो आणि कुठला तुकडा कुठे बसणार हे कागदावर काढल्याशिवाय बोर्डांची संख्या कळत नाही. खाली एक ठरावीक पार्टिशन घेऊन पूर्ण हिशोब मांडला आहे. तुमची मापे वेगळी असतील, रीत हीच राहील.

आधी मापे, तीही तीन-तीन ठिकाणी

लादीपासून स्लॅबपर्यंतची उंची दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीनदा घ्या. जुन्या इमारतींत एकाच खोलीत अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज सापडतो. पार्टिशन बीमखाली येत असेल तर उंची बीमपर्यंतच मोजा. लांबी लादीजवळ आणि स्लॅबजवळ वेगवेगळी मोजा, कारण प्लास्टरला फुगवटा असतो. गुण्या लावून भिंतींचा काटकोन तपासा आणि ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघा. उंचीच्या तीन मापांतले सर्वांत मोठे हिशोबाला धरा. स्टड (सांगाड्याचा पत्र्याचा उभा खांब) मोठा आला तर कापता येतो, लहान पडला तर वाया जातो.

दुकानदार फुटांत बोलतो, बोर्डावर माप मिलिमीटरमध्ये असते. १२२० म्हणजे चार फूट, १८३० म्हणजे सहा, २४४० म्हणजे आठ, ६१० म्हणजे दोन. हे चार आकडे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

आपल्या उदाहरणातले पार्टिशन १० फूट लांब, ९ फूट उंच. दाराच्या चौकटीचे बाहेरून माप ३ फूट बाय ७ फूट. डाव्या भिंतीपासून मोजले तर चौकट साडेपाच फुटांवर सुरू होते आणि साडेआठ फुटांवर संपते. उजवीकडे दीड फुटाचा तुकडा उरतो.

सहा फुटी बोर्ड की आठ फुटी?

पार्टिशनला वापरायचा बोर्ड १२.५ मिमी जाडीचा, चार फूट रुंद. लांबी सहा किंवा आठ फूट. लोकांना वाटते की बोर्ड मोठा म्हणजे सांधे कमी, म्हणून आठ फुटी घ्यावा. पण उंची ९ फूट असेल तर आठ फुटी बोर्डावर एक फुटाची पट्टी उरते. प्रत्येक उभ्या रांगेत ती वेगळी कापावी लागते आणि एक आडवा सांधा सरळ रेषेत भिंतभर पळतो. सहा फुटी बोर्ड ९ फुटांना सहा अधिक तीन असा बसतो. अर्धा बोर्ड एका रांगेला, दुसरा अर्धा पुढच्या रांगेला, म्हणजे जवळजवळ काही वाया जात नाही. बीमखाली उंची आठ फूट किंवा थोडी कमी असेल तर मात्र आठ फुटीच घ्या, आडवा सांधाच येणार नाही.

लिफ्टचाही विचार करा. सहा फुटी बोर्ड बऱ्याच लिफ्टमध्ये उभा जातो, आठ फुटी क्वचितच जातो. मग तो जिन्याने चढतो, वळणावर कोपरे मोडतात आणि हमाली मजल्यामागे वाढते. सहा फुटी बोर्डाचे वजन साधारण २० किलो असते, हेही हमालीचे बोलताना सांगा.

बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच थोड्या चेपलेल्या असतात. त्या खोलगटात सांध्याची टेप आणि कंपाउंड (सांधे भरायचा लेप) बसते, म्हणून उभा सांधा सपाट होतो. आखूड कडा आणि आपण कापलेल्या कडा चेपलेल्या नसतात. तिथला सांधा फुगीर होतो आणि तो लपवायला कंपाउंड फूटभर रुंद ओढावे लागते. म्हणून तुकडे ठरवताना चेपलेली कड नेहमी सांध्याकडे आणि कापलेली कड भिंतीकडे किंवा चौकटीकडे ठेवायची.

बोर्डांची संख्या

चौरस फुटाने बघा. १० गुणिले ९ म्हणजे ९०, त्यातून दाराचे २१ वजा, उरले ६९. दोन बाजू मिळून १३८. त्याला २४ ने भागले की पावणेसहा, म्हणजे सहा बोर्ड. सहा मागवले तर काम अडते. का ते आता काढू.

पाळायचे नियम तीन. उभा सांधा दाराच्या चौकटीच्या कडेवर येता कामा नये, कारण दार आपटले की हादरा तिथेच बसतो आणि चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरकी चीर जाते. तिथे बोर्डाला एल आकाराची खाच मारून तो चौकटीभोवती वळवायचा. दुसरे, शेजारच्या दोन रांगांचे आडवे सांधे एका रेषेत नकोत. तिसरे, पार्टिशनच्या दोन बाजूंचे उभे सांधे एकाच स्टडवर नकोत. दुसऱ्या बाजूचे मापही त्याच डाव्या भिंतीपासून घ्या. समोर उभे राहिल्यावर डावे-उजवे उलटते आणि चूक तिथेच होते.

पहिली बाजू: उभे सांधे ४ आणि ८ फुटांवर. शून्य ते ४ च्या रांगेत खाली पूर्ण बोर्ड, वर चार बाय तीनचा अर्धा. ४ ते ८ च्या रांगेत उलटे: वर पूर्ण बोर्ड, त्याला दाराची खाच, आणि खाली चौकटीपर्यंतचा दीड बाय तीनचा तुकडा. ८ ते १० च्या रांगेत वर दोन बाय सहाची उभी फाळ, तिलाही दाराजवळ सहा इंची खाच, आणि खाली दीड बाय तीनचा दुसरा तुकडा. हे कापायला दोन अखंड बोर्ड लागले. तिसऱ्या बोर्डातून चार बाय तीनचा अर्धा आणि दीड-दीड फुटाचे दोन्ही तुकडे निघाले. चौथ्याची निम्मी फाळ लागली. एकूण साडेतीन.

दुसरी बाजू: उभे सांधे २ आणि ६ फुटांवर. पहिल्या दोन फुटांत खाली चौथ्या बोर्डाची उरलेली फाळ, वर दोन बाय तीनचा तुकडा. २ ते ६ मध्ये वर खाच मारलेला पूर्ण बोर्ड, खाली साडेतीन बाय तीन. ६ ते १० मध्ये वर पुन्हा खाच मारलेला पूर्ण बोर्ड, खाली दीड बाय तीन. अखंड दोन, आणि तिन्ही खालचे-वरचे तुकडे एका बोर्डातून. अर्धा आधीचा धरून पुन्हा साडेतीन.

एकूण सात, आणि या सातांत चुकीला जागा नाही. एक कोपरा मोडला किंवा एक माप इंचभर चुकले की आठवा लागतो. म्हणून आठ मागवा. हजार चौरस फुटांच्या ऑफिसात वेस्टेज टक्क्यांत धरणे बरोबर आहे. घरातल्या एका भिंतीला आधी तुकडे मोजायचे आणि वर एक बोर्ड धरायचा, हेच खात्रीचे.

पार्टिशनच्या एका बाजूला बाथरूम किंवा मोरी येत असेल तर त्या बाजूला हिरव्या कागदाचा ओलावा-रोधक बोर्ड घ्या. मात्र ओलावा-रोधक म्हणजे पाण्यात भिजवायचा नव्हे. शॉवरच्या थेट माऱ्याखाली तोही टिकत नाही.

स्टड आणि चॅनल

सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा. लादीला आणि स्लॅबला ५० मिमीचे चॅनल (पत्र्याची आडवी पन्हळ), त्यात उभे ४८ मिमीचे स्टड, एकमेकांपासून दोन-दोन फुटांवर. पत्र्याची जाडी ०.५५ मिमी. दर कमी करायचा असला की पहिली कात्री इथेच लागते. ०.४० ते ०.४५ चा पत्रा डोळ्याला सारखाच दिसतो, पण बोटांनी पिळला की लगेच वळतो. त्यावर स्क्रू मारताना स्टड मागे ढकलला जातो आणि बोर्ड घट्ट बसत नाही. अंदाजपत्रकात जाडी लिहून घ्या आणि माल आल्यावर मायक्रोमीटरने मोजा. समुद्राच्या हवेत पातळ जस्ताचा पत्रा कापलेल्या टोकांपासून गंजतो, त्यामुळे इथे केलेली बचत पुढे महाग पडते.

आपल्या भिंतीत स्टडच्या जागा ०, २, ४, ६, ८, १० फूट. त्यातले ६ आणि ८ दारात येतात, म्हणून ते फक्त चौकटीच्या वर, दोन-दोन फुटांचे. पूर्ण उंचीचे राहिले चार. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टड एकमेकांत बसवून पेटी करायची, नाहीतर दार लटकते: आणखी चार. एकूण आठ. १२ फुटी स्टड घेतला तर प्रत्येकातून तीन फूट उरतात आणि दारावरचे दोन आखूड स्टड त्यातूनच निघतात. दुकानात १० फुटी मिळत असेल तर आठ १० फुटी आणि दारावरच्या दोन तुकड्यांसाठी एक जादा. वाया कमी जाते आणि जिन्यातून नेणेही सोपे पडते.

स्टड उंचीपेक्षा ५ ते १० मिमी आखूड कापा. स्लॅब थोडा वाकतो, स्टड घट्ट ठोकला असेल तर ते वजन बोर्डावर येते. आणि एक चूक जवळजवळ प्रत्येक कामात दिसते: पुढच्या स्टडचे माप आधीच्या स्टडपासून घेतले जाते. सगळी मापे भिंतीपासून घ्या. नाहीतर प्रत्येक स्टडला दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकत जातात आणि चार फुटांवर बोर्डाची कड स्टडच्या मध्यावर येतच नाही.

चॅनल: लादीवर १० वजा ३ म्हणजे ७ फूट (साडेपाच आणि दीड), स्लॅबला १० फूट, चौकटीच्या डोक्यावर ३ फूट आणि दोन्हीकडे वर वळवायला सहा-सहा इंच, म्हणजे ४. एकूण २१. १२ फुटी दोन चॅनल पुरतात: एकातून १०, दुसऱ्यातून ७ आणि ४.

आडव्या सांध्यामागे काहीतरी आधार हवा, कारण तिथे स्टडच्या मध्ये बोर्ड अधांतरी असतो. त्यासाठी रुंद पत्र्याची फिक्सिंग चॅनल मिळते. दोन्ही बाजूंचे आडवे सांधे मिळून १४ फूट, म्हणजे १२ फुटी दोन. हा माल अंदाजपत्रकातून हमखास सुटतो आणि मग मिस्त्री उरलेल्या स्टडचे तुकडे टाकून काम भागवतो. तुकडे नीट दोन्ही टोकांना स्क्रू केले असतील तर तेही चालते. नुसते अडकवून ठेवले असतील तर चालत नाही.

चौकट आणि आतला माल, बोर्ड लावण्याआधी

पार्टिशनची एकूण जाडी ५० अधिक १२.५ अधिक १२.५ म्हणजे ७५ मिमी, म्हणजेच तीन इंच. सुतार सवयीने चार इंची चौकट आणतो आणि ती एका बाजूला इंचभर पुढे येते. चौकट ७५ मिमीची करायला आधीच सांगा.

टीव्ही, एसीचे इनडोअर युनिट, पुस्तकांची फळी कुठे लागणार हे आजच ठरवा. तिथे दोन स्टडच्या मध्ये १८ मिमी प्लायची पट्टी टाका. नुसत्या जिप्समवर मारलेला स्क्रू काही महिन्यांत भोकासकट बाहेर येतो. चार बाय दोनचा एक प्लायचा तुकडा साधारण घराला पुरतो. विजेचे पाइप आणि बॉक्स एक बाजू बंद झाल्यावर, दुसरी बंद व्हायच्या आधी बसतात. वायरमनला त्याच दिवशी बोलवा.

अभ्यासाची खोली असेल तर आत रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) टाकाच. ५० मिमी जाडीचे, ४८ घनतेचे (किलो प्रति घनमीटर), एकच थर, म्हणून ६९ चौरस फूट. रॉकवूलचे तुकडे घट्ट बसायला थोडे जास्त घ्या, ७५ धरा. पैसे वाचवायला हे गाळले जाते आणि मग हॉलमधली मालिका अभ्यासाच्या टेबलावर ऐकू येते. बोर्ड लागल्यावर ते परत आत घालता येत नाही.

स्क्रू, प्लग, टेप, कंपाउंड

बोर्डाला २५ मिमीचे ड्रायवॉल स्क्रू, स्टडवर फूटभर अंतराने, सांध्याच्या दोन्ही कडांवर स्वतंत्र ओळ. आडव्या सांध्यावर थोडे जवळ, आठ इंचांवर. बोर्डामागे ३० ते ३५ धरले की सात बोर्डांना साधारण २३० होतात. पाचशेचे एक पाकीट बास. स्क्रू चेपलेल्या कडेपासून १० मिमी, कापलेल्या कडेपासून १५ मिमी आत. डोके कागदाच्या किंचित खाली जावे, कागद फाटू नये. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली, शेजारी दुसरा मारायचा.

चॅनल आणि टोकाचे दोन स्टड लादी, स्लॅब आणि भिंतींना दोन फुटांवर प्लग-स्क्रूने. लादीवर सहा, स्लॅबला सहा, दोन्ही भिंतींवर सहा-सहा, एकूण २४. तीस आणा. असा किरकोळ माल नागदेवी स्ट्रीटला गेलात तर एकाच फेरीत होतो, पण तीस प्लगसाठी तिथवर जायची गरज नाही, उपनगरातल्या कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतात. लादीत ड्रिल करताना खालून पाण्याचा किंवा विजेचा पाइप गेला आहे का ते आधी विचारा.

टेपचा हिशोब एका बाजूचा: ४ फुटांवरचा उभा सांधा ९ फूट, दारावरचा २, आडवे ७, दोन्ही भिंतींचे कोपरे १८, स्लॅबचा कोपरा १०. झाले ४६ फूट. दोन बाजूंचे ९२ फूट, म्हणजे २८ मीटर. एक रोल पुरून उरतो. कोपऱ्यांत कागदी टेपच वापरा, मधोमध घडी असते, ती कोनात नीट बसते.

तयार कंपाउंड ८ ते १० किलो, तीन हातांसाठी. पावडर घेतली तर थोडी-थोडी कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी टाकून तो परत सैल करू नका. कंपाउंडच्या जागी भिंतीची पुट्टी किंवा पीओपी वापरण्याची सवय मुंबईत फार आहे. ते टेपला तसे धरत नाहीत आणि पहिल्या उन्हाळ्यातच सांध्यावर केसाएवढी चीर उमटते. जून ते सप्टेंबर प्रत्येक हात वाळायला दुप्पट वेळ लागू शकतो. पंखा लावा, पण वरचा हात ओल्यावर चढवू नका. रंगाआधी प्रायमर दीड लिटर, कारण कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात आणि प्रायमरशिवाय सांध्यांचे पट्टे दिसत राहतात.

बोर्ड लादीला टेकवू नका. खाली १० ते १२ मिमी फट ठेवा. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, कधी धुतली जाते आणि बोर्डाचा कागद ते पाणी वर खेचतो. सहा महिन्यांत खालची कड मऊ पडते. लावताना खाली बोर्डाचाच एक तुकडा आडवा ठेवला की बरोबर १२.५ मिमीची फट मिळते. पुढे स्कर्टिंगने ती झाकली जाते.

खोलीला फॉल्स सीलिंगही करायचे असेल तर

सीलिंगचा हिशोब पार्टिशनपेक्षा सोपा आहे, एकच गोष्ट पकडायची. सीलिंग सेक्शन, म्हणजे ज्यांना बोर्ड स्क्रू होतो त्या पत्र्याच्या पट्ट्या, १८ इंचांवर (४५७ मिमी) असतात. सहा फूट म्हणजे ७२ इंच, १८ चे बरोबर चौपट, म्हणून सहा फुटी बोर्डाचे टोक नेमके सेक्शनवर येते. अर्धा बोर्ड, ३६ इंच, तोही येतो. आठ फुटी बोर्ड म्हणजे ९६ इंच, १८ ने भाग जात नाही, टोक हवेत राहते. आठ फुटी वापरायचाच असेल तर सेक्शन १६ इंचांवर घ्या आणि संख्या वाढवा.

१० बाय १२ च्या खोलीला: परिमितीला पेरिमीटर चॅनल १२ फुटी चार. इंटरमिजिएट चॅनल (स्लॅबला टांगलेले, सेक्शन पेलणारे) १२ फुटांच्या दिशेने, चार फुटांवर, तीन. त्यांना प्रत्येकी चार टांगण्या, एकूण १२, तेवढेच क्लीट (टांगणी स्लॅबला जोडणारा कोन) आणि फास्टनर. त्यांच्याखाली आडवे सीलिंग सेक्शन सात, क्लिप सात गुणिले तीन म्हणजे २१. बोर्ड पाच बरोबर बसतात, लाइटची भोके धरून सहा मागवा. स्क्रू २३० मिमीवर, पार्टिशनपेक्षा जवळ, कारण इथे बोर्ड लटकतो. पंखा स्लॅबच्या हुकालाच, सीलिंगला कधीच नाही.

ऑर्डर देण्याआधी

यादी दुकानदाराला नगांत द्या, चौरस फुटांत नको. १२ फुटी सेक्शन लिफ्टमध्ये जाणार नाहीत. ते जिन्याने न्यायचे की खालीच मापाने कापायचे हे ठरवा आणि कापायचे असतील तर स्टड आणि चॅनलची कापण्याची यादी टेम्पोबरोबर खाली हातात ठेवा. काम कधी करता येते, लिफ्ट मालाला देतात का, डेब्रिज कुठे ठेवायचे आणि अनामत किती, हे सोसायटीच्या कार्यालयात आधी विचारा.

बोर्ड घरात आले की भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, दोन दिवसांत झोळ येतो आणि तो परत जात नाही. खाली लाकडाच्या चार-पाच पट्ट्या समान अंतरावर टाकून बोर्ड आडवे रचा, खिडकीपासून लांब, पावसाळ्यात वर प्लास्टिक. आठवा बोर्ड रंग पूर्ण होईपर्यंत परत करू नका. दारावरची खाच सर्वांत शेवटी कापली जाते आणि चुकलीच तर तिथेच चुकते.